धोंड्याच्या महिन्यात अडकलेला लेख

रतिलाल धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, पण जीव अडकलेला फुटून मेलेल्या ताऱ्यांत. तारा फुटला की त्याचा तडाखा बाहेर पसरत जाऊन भोवतालच्या वायूला बसतो, वायू लाखो अंश तापतो आणि त्यातून एक्स-रे निघतात. म्हणजे ते कडेला जास्त दिसायला हवेत. मग काही ताऱ्यांच्या अवशेषांत नेमके मधोमध का? सहा वर्षं सुट्ट्या पुण्याच्या लायब्ररीत घालवून, कॅल्क्युलेटर झिजवून गड्यानं उत्तर काढलं. तडाख्यातून वाचलेले छोटे ढग आतल्या उष्णतेत हळूहळू विरतात, आणि मधोमध उजळतो तो त्यांचाच वायू. हे जगात आपण पहिल्यांदा मांडावं, एवढंच त्याला हवं होतं.

१९८८च्या मे महिन्यात, सोळा तारखेला लेख पाकिटात गेला आणि त्याच दिवशी अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात नवं काम काढायचं नाही, हा त्याच्या बापाचा, निंबाआबांचा हेका. रतिलालनं समजावलं, चिडला, शेवटी हात जोडले. आबा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत.

"तारा मरीसन दहा हजार वरीस व्हयनात. महिनाभर थांबाले काय जास तुनं? मना गयानी आन शे तुले."

बापाच्या गळ्याची शपथ! एवढा शिकलेला माणूस, पण तिथं त्यानं लेख कपाटात ठेवून दिला. पाकीट पंधरा जूनला पोस्टात पडलं.

डिसेंबरात परदेशी मासिक आलं. विभागप्रमुख शालिग्राम सरांनी भरल्या स्टाफरूममध्ये ते त्याच्यापुढे टाकलं. तोच विचार, तीच गणितं, नावं दोन गोऱ्यांची. लेख पोचल्याची तारीख दोन जून. रतिलालचं पाकीट महिनाभर का अडलं, हे स्टाफरूमला ठाऊक होतंच. पुढचा तारा फुटायच्या आधी वडलांना पंचांग बघायला सांगा, असं सर म्हणाले आणि सगळे खो खो हसले. आठवड्यात रतिलालचा लेखही साभार परत आला.

त्या छापील लेखाची झेरॉक्स घेऊन तो गावी निघाला. बापाच्या तोंडावर फेकायची आणि सहा वर्षांचा हिशेब मागायचा, असं एसटीत दात खात ठरवत होता. पण आबांनी इंग्रजी कागद पाहिला आणि पोरानं तोंड उघडायच्या आत देवापुढे नेला. गोऱ्यांच्या नावांवर हळदकुंकू वाहिलं, पेढे मागवले, गल्ली गोळा केली. मना पोऱ्यानं शे हाई, असं ज्याला त्याला दाखवत सुटले.

आत्ता सांग की लेका! नाही सांगवलं त्याला. आबांनी पहिला पेढा त्याच्याच तोंडात कोंबला.

"धोंड्याना महिना टाया म्हनीसनच हाई व्हयनं," ते म्हणाले.

रतिलालनं पेढा गिळला.