शोकेसमधले सहा कप

पहिला बोनस हातात आला तेव्हा आईला मिक्सर हवा होता आणि मला रुबाब. मी रुबाब घेतला. चांगली भिंतभर लांब, सरकत्या काचांची शोकेस. दोन हमालांनी ती जिन्यावरून वर आणताना आख्खी चाळ दारात येऊन उभी होती, आणि मी मुद्दाम मोठ्याने ओरडत होते, "सांभाळून हां, काच आहे!"

"ठेवणार काय हिच्यात? माझं डोकं?" आई पाट्यावर खोबरं वाटता वाटता म्हणाली.

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. घाटकोपरच्या आमच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवण्यासारखं काही नव्हतंच. खोखोचं एक शिल्ड, जत्रेतली मान हलवणारी बाहुली आणि देवगडच्या मामाने दिलेला शंख. एवढं मांडल्यावर ती शोकेस भंगारवाल्याच्या दुकानासारखी दिसायला लागली. मग काय, तिच्यासाठी खरेदी करणं आलं. महिनाभर चपलेचा अंगठा शिवून घालत होते, पण गुलाबी फुलांचे, सोनेरी काठाचे सहा कप आणि सहा बश्या घेऊन आले.

खरं सांगते, त्या कपांनी माझी चालच बदलली. ऑफिसात डबा खाताना मी "आमच्याकडे ना" अशी सुरुवात करायला लागले. टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवर एक मुलगा बसायचा, चारकोपचा. माझ्या रिबनची गाठ सोडवून द्यायचा आणि लाजायचा. मला तो फार आवडायचा. त्याला एकदा मी फेकलं, "आमच्याकडे सगळे चहा कपबशीतूनच पितात. स्टीलच्या पेल्यातून मला तर जातच नाही." वर म्हणाले, "सवयच नाही ना!"

घरात परिस्थिती अशी, की त्या कपांना चहाचा थेंब लागला नव्हता. बाबा कापडगिरणीत जन्म काढलेले, ती बंद पडल्यावर मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर बसायचे. ते चहा जर्मनच्या पोचे आलेल्या बशीत ओतून पीत, फुर्रर्र करून, खाली रस्त्यावर ऐकू जाईल असा. तसा आवाज झाल्याशिवाय चहा प्यायलो असं त्यांना वाटायचंच नाही. एकदा ते शोकेसची काच सरकवून म्हणाले, "ह्या कपातसून एकदा पिऊन बघू काय गो?"

"हात नका लावू!" मी इतकी किंचाळले की त्यांनी हात पाठीमागे नेला. वर्षभर त्यांनी परत विचारलं नाही.

आणि मग क्लासातल्या त्या मुलाच्या घरून रीतसर निरोप आला, रविवारी सकाळी बघायला येतो म्हणून. माझी वाट लागली. सोफ्याला नवं कव्हर, आईच्या अंबाड्याला नवी जाळी, बाबांना ताकीद, "आज फुर्रर्र नाही."

तो आला, मोरपंखी सफारीत घामाघूम. बरोबर फक्त त्याची आई, जरीकाठाची कडक इस्त्रीची साडी नेसलेली. पोहे झाले. माझी आई स्टीलच्या पेल्यात चहा गाळणार, इतक्यात त्या बाई शोकेसकडे बघून म्हणाल्या, "अय्या, हेच का ते कप? हा सांगत होता, तुम्ही यांतूनच चहा पिता. द्या ना मग त्यातूनच."

मी ऐटीत उठले. काच सरकवली. कप उचलला.

उचलला जाईना.

जरा जोर लावला. कप हलला नाही, कपाखालची बशी हलली नाही, पण काचेची आख्खी फळी सहा कपांसकट वर आली. मी फळी खाली ठेवली. हसले. दुसरा कप धरला. परत फळी वर. बाबा पंख्याकडे बघत बसले होते, आणि आमचा पंखा तर बंद होता.

"बाबा!"

"तसा नाय गो," बाबा म्हणाले. "खाली पिठाची गिरण सुरू झाली की ते खुळखुळत. म्हटलंय, एक जरी फुटलो तर तू माझो जीव घेशीत. म्हणान चिकटवन टाकलंय."

"सगळे?"

"बशीक कप, फळयेक बशी. पक्को माल वापरलंय हां!"

शी! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मुलगा बिचारा मदतीला धावला. त्याने फळी धरली, मी कप ओढला. काडकन आवाज झाला, आणि एक कप बशीसकट सुटून माझ्या हातात आला. मी जमिनीवर आपटले, आणि त्याची सफारी पाठीमागे टर्रकन उसवली.

खाली गिरणी चालली होती. झालं, मोडलं लग्न, असं मनात म्हणत मी तशीच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून मी कपाकडे बघत होते.

त्या बाईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. पदराने तोंड दाबून, पोट धरून.

"आमच्या हॉलमध्ये फ्रीज आहे," त्या म्हणाल्या. "दारातून आत आलात की पहिला तोच दिसतो. घेतल्यापासून चार दिवस चालवला असेल. बिल बघून बंद केला. आत मी इस्त्रीच्या साड्या ठेवते. ही नेसलेय ना, ही फ्रीजमधलीच."

"आई, काय हे!" तो ओरडला.

"आई काय, आई! ही घरात आल्यावर फ्रीज उघडणार नाही होय रे?"

हे ऐकून माझी आई जी स्वयंपाकघरात पळाली, ती सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊनच आली. मला तो व्यवस्थित गेला. त्या मुलाने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

ते गेल्यावर मी तो सुटलेला कप घासला. परत चहा टाकला, आलं किसून घातलं, आणि कप बाबांपुढे धरला. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हात पुढे केला.

दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, सोनेरी काठावरून अंगठा फिरवला. मग सवयीने बशीत ओतायला गेले. बशी कपाला चिकटलेली. त्यांनी कप तिरका करून बघितला, उलट्या बाजूने बघितला, एक घोट तसाच घेतला. जीभ भाजली.

"झकास दिसता गो," ते म्हणाले. "आता माझ्या बशीत ओत."

मी ओतला.