कॅरियरवरची गादी

हे लिहू नको म्हणून लेकीनं मला बजावलंय. "आई, आपल्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात आणि तू असल्या गोष्टी लिहिणार?" तिचं खरं आहे. माझे वडील म्हणायचे, ज्या घरात देवच ठेवला नाही तिथं भूत कुणाच्या ओळखीनं येणार? मी त्यांचीच लेक. अंगारे, धुपारे, उतारे... यातलं काही मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. पण या पानावर इतरांचे असे अनुभव वाचते तेव्हा माझी एक गोष्ट घशाशी येऊन थांबते. आज सांगून टाकते. मी भूत म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. काय म्हणायचं, तेच मला ठाऊक नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात जागा निघाल्या आणि आमच्या ह्यांना आरोग्य सेवकाची नोकरी लागली. माझं माहेर लोह्याचं, लग्न नवीन. अहमदपूरच्या पुढं मुख्य सडक सोडून आत गेलं की बालाघाटाच्या पायथ्याला एक खेडं होतं, तिथं खोली भाड्यानं घेतली. ह्यांचं काम म्हणजे सायकलवर गावोगाव फिरायचं, ताप आलेल्यांना गोळ्या द्यायच्या आणि पाणी शुद्ध करायला विहिरींत टीसीएल पावडर टाकायची. दुष्काळ असा होता की विहिरीत पाण्यापेक्षा पावडरच जास्त दिसायची.

वरच्या गावांना जायला रोजगार हमीच्या कामावर नवाच रस्ता काढला होता. मुरूम टाकून दाबलेला, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. एखादा टँकर सोडला तर दिवसभर त्यावर चाक फिरायचं नाही. ह्यांना तो रस्ता फार आवडायचा. घरी आले की त्याचंच कौतुक... वळण कसं आहे, चढ कसा दमवतो, माथ्यावर वारा कसा लागतो. नव्या बायकोचं एवढं कौतुक कधी केलं नाही. पण तेव्हा मी हसायचे.

मग शर्टाची गोष्ट सुरू झाली. मी रोज पितळी तांब्यात निखारे भरून ह्यांच्या शर्टाला इस्त्री करायचे. शर्ट संध्याकाळी घामानं, धुळीनं खराब होणार, ते ठीक. पण डाव्या कुशीला, कमरेच्या जरा वर, तो चुरगळलेला असायचा. तेवढाच. कुणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखा. सायकलवर मागं बसलेली बाई जिथं धरते, बरोबर तिथं.

मनात पाल चुकचुकली. एकदा बाजाराच्या दिवशी हरणामावशी भेटली. त्या रस्त्याच्या माथ्यावर कामावरच्या लोकांसाठी तिची चहाची छपरी होती. मला पाहून म्हणाली, "तुमीच का डाक्टरच्या मंडळी? मग ती कोन वो?"

"कोण ती?"

"रोज मागं बसून येती ती. डोक्यावर पदर, पाय एका अंगाला सोडून. मला वाटलं तीच घरची हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ह्यांनी एकदाही डबल सीट घेतलं नव्हतं. लोक काय म्हणतील म्हणून बाजारातसुद्धा मी सायकलच्या मागून चालत जायचे. आणि ही कोण महाराणी रोज डोंगर चढते?

संध्याकाळी सायकल दारात लागली तेव्हा मी आधी कॅरियर पाहिलं. त्यावर गोधडीचा तुकडा दुमडून सुतळीनं नीट बांधलेला होता. माझ्या आईनं रुखवतात दिलेल्या गोधडीचा. कडेला जिथं फाटली होती तिथलाच तुकडा होता, पण होता माझाच.

"ही गादी कुणासाठी?"

ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "हसू नको. चढ लागला की कोणीतरी मागं बसल्यागत सायकल जड लागते. माथ्यावर गेलं की हलकी. वळून पाहिलं तर कोणी न्हाई. पयल्यांदा भ्यालो. आता सवय झाली."

"आणि गादी?"

"मनलं, बसतच असंल कोणी तर लोखंड टोचू नये."

हे ऐकून मला रडूच आलं. बाई असती तर मी भांडले असते, माहेरी निघून गेले असते, चार माणसं बसवली असती. इथं नवरा खोटं बोलत नव्हता, ते मला त्याच्या तोंडावरून कळत होतं. आणि जी नाहीच, तिला टोचू नये म्हणून त्यानं माझी गोधडी फाडली होती. लोकांच्या सवती निदान दिसतात तरी.

"उद्या मी येणार," मी म्हणाले. "मी बसणार मागं."

"टीसीएल टाकायला? तिथं पाहायला काय हाय?"

"रस्ता पाहायचाय."

सकाळी निघालो. गाव संपेपर्यंत मी चालत गेले, मग बसले. त्या गादीवर मुद्दाम दोन्हीकडं पाय टाकून ऐसपैस बसले. हे म्हणाले, "नीट धरून बस." मी डाव्या कुशीला शर्ट धरला. चढ आला तेव्हा मी उतरते म्हणाले, कारण डबल सीट घेऊन तो चढ कुणालाच निघाला नसता. "बस, पाहू तरी," हे म्हणाले.

आणि सायकल चढू लागली. हे पायडलवर उभे राहिले नाहीत की जोर लावला नाही. उलट गोंधळून म्हणाले, "आज कामून हलकी लागून राहिली? तू बसलीस ना मागं?"

मी बसलेच होते. माझ्या मागून धापा ऐकू येत होत्या. तोंड उघडं ठेवून, दमून कुणी श्वास घेतं ना, तशा. पाठीला रेटा लागत होता. मी मान वळवली. मागं पांढरट मुरूम, आमच्या चाकाची एक रेघ आणि ऊन. बाकी रस्ता रिकामा. भीती वाटली, पण भीतीच्याही आधी मनात आलं ते हे — उतरली का एकदाची.

माथ्यावर हरणामावशीनं माठातलं पाणी दोन ग्लासांत ओतलं. दुष्काळात पाणी मागून मिळत नव्हतं, पण चढून आलेल्या माणसाला घोटभर द्यायचंच, हा तिचा नेम होता. मग तिनं तिसरा ग्लास भरला आणि दगडावर ठेवला.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"तिला की. तुमाला ढकलीत आणली की तिनं खालपासून. दमली आसंल."

ह्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. निघताना तो ग्लास रिकामा होता. मावशीनं पाणी परत माठात ओतलं असेल. मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही.

घरी येऊन लुगडं बदललं, तर पाठीवर मुरमाच्या धुळीचे दोन पंजे उमटलेले. बायकी, बारीक बोटांचे. माझे हात तिथं पोचत नाहीत आणि हे दिवसभर पुढं होते. आमच्या वाट्याला आलेली घागर मी त्या लुगड्यावर रिती केली. दोन्ही पंजे निघेपर्यंत धुतलं. स्वयंपाकाला पाणी शेजारून मागून आणलं.

त्या दिवसानंतर सायकल कधी जड लागली नाही. शर्ट कुशीला सरळ राहू लागला. मी जिंकले होते. पण हे आता संध्याकाळी त्या रस्त्याचं नाव काढायचे नाहीत. एकदा सहज बोलून गेले, "चढाला आता करमत न्हाई." मी भाकरी तव्यावर तशीच करपू दिली आणि तीच त्यांच्या ताटात वाढली. पुढं पाऊस आला, बदली झाली, मुलं झाली, मोटरसायकल आली. सायकल मात्र ह्यांनी विकू दिली नाही. गादी कुजून गळून पडली तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

ती कोण होती, त्या रस्त्याच्या कामावरची होती का, माझ्यासाठी का उतरली, मला का ढकललं... मला काही माहीत नाही. विज्ञान शिकलेल्या मुलाला विचारलं, तो म्हणतो उतार-चढाचा भास होतो. असेल. पण लुगड्यावरचे पंजे कसल्या भासाचे? तिनं माझं भलंच केलं, हेही मला कळतं. तरी तिचा हेवा काही जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात हे आजारी पडले. आता बरे आहेत. पण तापात बरळत होते, डोळे मिटलेले, आणि एकदम स्पष्ट म्हणाले, "चढ आला. नीट धरून बस."

मला ते असं एकदाच म्हणाले होते. तिला किती वेळा म्हणाले असतील, कोण जाणे. त्या क्षणी कुणाला म्हणत होते, तेही मी विचारलं नाही. खाटेवर चढून त्यांच्या पाठीशी बसले आणि डाव्या कुशीला शर्ट मुठीत धरला. दुसरं कुणी धरायच्या आत.