शुक्रवारच्या गाठी

प्रयोगशाळेत तिला पाठीमागे ‘चिमटा’ म्हणत. एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून. नाव पहिल्याच वर्षी तिच्या कानावर गेलं, आणि तिने ते मनावर घेतलं नाही.

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. स्तनाच्या कर्करोगाच्या पुष्कळ गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. अशा गाठीच्या पेशींत त्या संप्रेरकाला पकडून ठेवणारे रिसेप्टर असतात आणि चाचणीत ते तपकिरी दिसतात. तपकिरी दिसले, तर त्या बाईला रोज एक गोळी मिळते. गोळी संप्रेरकाची वाट अडवते, रोग परतण्याचा धोका बराच कमी होतो. पेशी निळ्याच राहिल्या, तर गोळीचा उपयोग नाही आणि ती दिली जात नाही.

या रुग्णालयात निळे अहवाल फार. शंभरात त्रेचाळीस, इतर ठिकाणी तीसच्या आत. विभागप्रमुख म्हणत, आपल्याकडच्या बायकांचा रोगच वेगळा आहे. या वाक्यावर त्यांचे अठरा शोधनिबंध उभे होते. ती त्यांचीच विद्यार्थिनी. वेगळा का, हे शोधायचं काम त्यांनी तिच्यावर सोपवलं आणि तिने त्यात अकरा वर्षं घातली. वय, वजन, बाळंतपणं, पाळी कधी आली, कधी गेली, सगळं मांडून झालं. हाती भोपळा.

“घरात चष्मा सापडला नाही तरी ही आधी तक्ता करते,” नवरा पाहुण्यांना सांगायचा.

“वहिनी, मग दादाचा रकाना कुठला?” नणंदेने एकदा विचारलं.

“‘इतर’,” ती म्हणाली.

एका मंगळवारी तिने कुणी कधीच न तपासलेला रकाना घेतला. ऑपरेशनची तारीख. तारखांवरून वार काढले. सोमवार ते गुरुवारच्या गाठींत निळे अहवाल शंभरात अठ्ठावीस. शुक्रवारी सहासष्ट. आणि मोठे सर्जन शुक्रवारीच ऑपरेशनं करत, त्यामुळे दहातल्या चार गाठी त्या दिवसाच्या. तिने तीनदा मोजलं. मग जिना उतरून ती ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेली. तिथल्या मावशी बावीस वर्षं गाठींचे डबे वर पोचवत होत्या.

“मावशी, शुक्रवारची गाठ वर केव्हा जाते?”

“लगेच जाते. उघडतात सोमवारी.”

“तोवर?”

“तोवर औषधात बुडवलेली. अख्खी. मोठी असली की चिरताना वास येतो. तुमचे डॉक्टर नाकं मुरडतात.”

“हे कुणाला सांगितलं नाहीत कधी?”

“विचारलं कुणी? मला म्हणतात, डबा ठेव आणि नीघ.”

जिना चढताना तिने हिशोब जुळवला. डब्यातलं औषध, फॉर्मॅलिन, पेशी नासू देत नाही, पण ते बाहेरून आत झिरपतं, तासाला जेमतेम मिलिमीटर, आणि आत जावं तसं आणखी सावकाश. इतर दिवशी गाठी त्याच संध्याकाळी चिरल्या जात. शुक्रवारच्या गाठीचा गाभा सोमवारपर्यंत कच्चाच राही आणि त्यातले रिसेप्टर नासून जात. चाचणीला तुकडा घेत तो नेमका गाभ्यातला. म्हणजे किती बायकांची गोळी शनिवार-रविवारच्या सुट्टीने हिरावली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. “माझे अठरा निबंध तू डब्यात घालायला निघालीस.”

“मी फक्त गाठ वेळेवर चिरायला निघाले आहे, सर.”

“सिद्ध कर.”

सर्जनांना थिएटरमधली जागा मागितली, तेव्हा ते म्हणाले, “माझ्या पाठीशी तू सुरी घेऊन उभी राहणार?”

“पाठीशी नाही. कोपऱ्यात.”

कोपरा मिळाला. आठ महिन्यांत शुक्रवारच्या चाळीस गाठी झाल्या. प्रत्येकीचा अर्धा भाग तिने तिथल्या तिथे पातळ चिरून फॉर्मॅलिनमध्ये टाकला. उरलेला नेहमीसारखा अख्खा, सोमवारपर्यंत. रुग्णाला अहवाल गेला तो चिरलेल्या भागाचा. मग ऐंशी काचपट्ट्यांवरची नावं झाकली, क्रमांक उलटसुलट केले आणि त्या वाचायला दिल्या थेट प्रमुखांना. त्यांनी नऊ दिवस घेतले.

सगळ्या विभागासमोर तिने क्रमांकांची यादी उघडली. चिरलेल्या चाळीस तुकड्यांपैकी प्रमुखांनी तपकिरी ठरवलेले अठ्ठावीस. त्याच बायकांच्या अख्ख्या ठेवलेल्या भागांत, तेरा.

प्रमुखांनी स्वतःचे कागद पुन्हा चाळले. “अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले. “आता भांडू कुणाशी?” आणि त्यांनी तिथेच आदेशावर सही केली: वार कोणताही असो, गाठ तासाभरात चिरायची आणि वेळ डब्यावर लिहायची.

“म्हणजे मी नीट काढत होतो आणि तुम्ही वर नासवत होता,” सर्जन म्हणाले.

“शुक्रवार तुम्हीच सोडत नव्हता,” प्रमुख म्हणाले. खोली हसली.

ती हसली नाही. तिचं काम अजून अर्धंच झालं होतं. “सर, आधीच्या बायकांचं काय?”

जुन्या गाठींचे मेणात बसवलेले तुकडे तळघरात होते. फॉर्मॅलिन कडेला आधी पोचतं, म्हणून तिने कडेचे भाग शोधून तपासले. पाच वर्षांतले शुक्रवारचे निळे अहवाल तीनशे बारा. त्यातले एकशे एकवीस आता तपकिरी निघाले. एकशे एकवीसपैकी सतरा बायका तोवर गेल्या होत्या.

“हे सतरा मृत्यू तळटीपेत घालू,” निबंध लिहिताना प्रमुख म्हणाले.

“तक्त्यात, सर.”

प्रमुखांनी तळटीप खोडली. तो आकडा तक्त्यात गेला.

एकशे चार पत्रं गेली, शहाण्णव जणी आल्या. पहिली आली ती शिवणकाम करणारी, ऑपरेशनला दोन वर्षं झालेली.

“तेव्हा म्हणालात गोळी चालणार नाही. आता म्हणता चालेल. मी बदलले की तुम्ही?”

“आम्ही चुकलो होतो,” ती म्हणाली.

बाईंनी गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून पाहिली. “किती वर्षं घ्यायची?”

“निदान पाच.”

“मग नव्या ऑर्डरी घ्यायला हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी पट्टी फोडली आणि पाणी मागितलं.