सोऱ्यावरचं नाव
सुट्टीच्या दिवशी मी कागदावर किसणी, झारा, सांडशी असलं काहीतरी ठेवतो आणि भोवतीचं चित्र काढतो. सांडशीचा बगळा होतो, किसणीचं अमवाजमधलं, आमच्या आखाती शहरालगतच्या बेटावरचं अपार्टमेंट. बायकोची हरकत नसते. वस्तू धुऊन जागेवर गेली म्हणजे झालं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, शहरातल्या अदलिया भागातल्या एका कॅफेने घरगुती वस्तूंच्या चित्रांचं प्रदर्शन जाहीर केलं आणि मी न विचारता चकलीचा सोऱ्या उचलला. पितळेचा, सासूबाईंना लग्नात मिळालेला, त्यांचं नाव कोरलेला. चित्रात तो आमचा जनरल मॅनेजर झाला: गोल धड, दोन कानांचे कमरेवरचे हात, आणि खालच्या चकतीतून एकाच साच्याचे आम्ही सगळे बाहेर पडतोय. सोऱ्या तारेने पुठ्ठ्याला आवळला. नोकरी प्रिय असल्यामुळे सही केली नाही आणि चित्र कॅफेतल्या चिपळूणच्या वेटरकडे गुपचूप देऊन आलो.

आयोजक बाईंना कोरलेलं नाव चित्रकाराची सही वाटली. वेटरकडून वाचून घेऊन त्यांनी ते चित्राशेजारच्या चिठ्ठीवर इंग्रजीत छापलं. खाली एक परिच्छेद होता. त्यात स्थलांतर, स्मृती आणि धातूचं मौन होतं. मॅनेजर नव्हता. मला बरंच वाटलं.

मग सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या, सांगलीहून भाजणी दळून घेऊन. नातीला या खेपेला चकली शिकवायचीच होती. पुढच्या दिवाळीला गुडघे विमानाची शिडी चढतील याची त्यांना खात्री नव्हती. दिवाळी चार दिवसांवर आणि सोऱ्या सापडेना. मी कबुली दिली. सुपरमार्केटमधून नवा आणतो म्हणालो, तर त्यांनी कॅफेचा पत्ता विचारला.

मी कॅफेत गेलो. प्रदर्शन संपेपर्यंत चित्राला हात लावायचा अधिकार फक्त चित्रकाराला, असं बाईंनी गोड आवाजात सांगितलं. चित्रकार मीच, म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनाच घेऊन गेलो. चिठ्ठीवरचं नाव यांचंच, अशी वेटरने ओळख करून दिली. बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि धातूच्या मौनाबद्दल विचारलं. मी भाषांतर केलं.

"त्यांना म्हणावं, चिंच लावून घासला की बोलतो," सासूबाई म्हणाल्या आणि वेटरकडे पक्कड मागितली.

तार सुटू लागली तशा बाई कासावीस झाल्या. अजून दोन आठवडे आहेत, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

सासूबाईंनी वेटरला विचारलं, "चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे रे?"

"तुमचंच, काकू."

"मग झालं तर."

संध्याकाळी नातीने सोऱ्या फिरवला. पहिल्या चकलीकडे बघून तिने, "इज इट सपोज्ड टू लुक लाइक धिस?" असं विचारलं. आजीने पीठ पुन्हा भरलं. घाणा संपता संपता एक चकली अखंड सुटली. ती आजीने खाल्ली.

मोडक्या मी डब्यातून ऑफिसात नेल्या. सगळ्यात जास्त जनरल मॅनेजरांनी खाल्ल्या.