तुम्ही आमच्या जागी असता तर

माझ्या टेबलावर एक प्लास्टिकचं हृदय असतं. साताऱ्याच्या प्रशिक्षणात आम्हा सगळ्याजणींना एकेक वाटलं होतं. मधोमध उघडलं की आतले चार कप्पे दिसतात. माझ्या हृदयाची कडी पहिल्याच वर्षी तुटली, तेव्हापासून मी त्याला रबरबँड लावते. स्टोअरमध्ये नवीन मागायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हृदय एकदाच मिळतं." त्याला स्वतःच्याच विनोदाचं इतकं हसू आलं, की मी पुन्हा कधी मागायला गेले नाही.

मी सांगलीतल्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळामध्ये काही दोष दिसला, की डॉक्टर दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात आणि नवरा-बायकोला माझ्याकडे पाठवतात. उरलेली वाक्यं माझी. काय झालंय, का झालं असेल, बाळ जगेल का, जगलं तर कसं, उपचार कुठे होतात, गर्भ ठेवायचा नसेल तर कायद्यानं किती मुदत हातात आहे, हे सगळं मी सांगायचं. न रडता सांगायचं. आणि शेवटी जो एक प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर मात्र द्यायचं नाही.

"मॅडम, तुमी आमच्या जागी असता तर काय केलं असतं?"

यावर आम्हाला एक वाक्य शिकवलंय. 'निर्णय तुमच्या दोघांचा आहे, तुम्ही जो घ्याल त्यात मी सोबत आहे.' शाळेत प्रतिज्ञा पाठ करावी तसं आम्ही ते पाठ केलं होतं. बोलताना पुढे झुकायचं, आवाज खाली ठेवायचा, हात टेबलावर दिसतील असे ठेवायचे. मी हे सगळं अगदी नेमानं करत आले.

कुपवाडच्या वर्कशॉपात लेथवर काम करणारा एक जण बायकोला घेऊन आला होता. हेल्मेट मांडीवर ठेवून तो माझं सगळं बोलणं ऐकत राहिला. मग त्यानं तो प्रश्न विचारला आणि मी माझं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "आवं मॅडम, आमाला ठरवता येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" मी तेच वाक्य परत म्हटलं, दुसरं होतं कुठे माझ्याकडे? त्यानं खोलीतच हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली आणि बायकोला हाताला धरून बाहेर नेलं. रडताना कुणी बघू नये म्हणून असेल. ती काच मला अजून दिसते.

नियम चुकीचा आहे असं मात्र मला वाटत नाही. प्रशिक्षणात माझ्या शेजारी साताऱ्याची समुपदेशक बसायची. मूळची वडूजकडची, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिनं सुरुवातीला हा नियम धाब्यावर बसवला होता. वाईकडच्या एका बाईनं विचारल्यावर तिनं स्पष्ट सांगून टाकलं, "मी असते तर न्हाई ठेवलं." त्या बाईनंही ठेवलं नाही. काही महिन्यांनी त्या बाईची सासू, दीर, चुलत सासरे अशी सगळी फौज तिच्या साताऱ्याच्या खोलीत उभी राहिली. सगळ्यांचं म्हणणं एकच, या मॅडमनीच सांगितलं. ती बाई मागे भिंतीला टेकून उभी होती आणि तीही मान हलवत होती. तिथल्या साहेबांनी माझ्या मैत्रिणीला सगळ्यांदेखत झापलं. त्यानंतर तीही प्रतिज्ञा म्हणायला लागली.

आता तिच्यासाठी तेव्हा कुणी उभं राहिलं का? आमच्यासाठी कुणी असतं का? एकदा 'स्वतःची काळजी' या विषयावर प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, समोर अथांग समुद्र आहे अशी कल्पना करा. माझ्या मैत्रिणीनं एक डोळा उघडून विचारलं, "मॅडम, समुद्र न्हाई बघितला. हिर चालंल का?" सगळा हॉल हसला, त्या बाईसुद्धा हसल्या. विहीर म्हटल्यावर मला मात्र हसता आलं नाही, कारण त्या आठवड्यात माझ्याकडे आलेली एक मुलगी घरी परत गेली की नाही हे मला कळलंच नव्हतं.

आम्ही दोघींनी मागणी केली होती की महिन्यातून एकदा एखादं जाणतं माणूस आमच्यासमोर बसवा. आम्ही बोलू, त्यांनी ऐकावं, चुकलं तर सांगावं. वरून कळवलं, ऑनलाइन व्हिडिओ बघा, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. प्रमाणपत्र मिळालं. मी ते फाईलला लावलं आणि घरी येऊन भांडी घासताना रडायची माझी पद्धत पुढे चालू ठेवली. नळ मोठा सोडला की आवाज बाहेर जात नाही.

माझी एकुलती एक लेक वडूजला दिलीय. जावई फौजेत. लेकीचं हे पहिलंच. डोहाळजेवण ठरलं होतं, जावयाची रजा त्याच्याशी जुळवली होती, विहीणबाईंनी हिरवी साडी आणून ठेवली होती आणि लेकीनं स्वतः वडूजच्या एका बाईंना फुलांचे दागिने करायला सांगितले होते. त्याआधी चार दिवस ती माहेरी आली. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी सांगलीतच करू म्हणाली. "तू कामावर जा, मी काय लहान आहे का? येते करून," असं म्हणत सकाळी मलाच घराबाहेर काढलं.

दुपारी दवाखान्यातल्या आमच्या मावशींनी पुढचं नाव पुकारलं. मी आधीच्या जोडप्याचं लिहीत होते, मान वर केली नाही. समोरची खुर्ची सरकली. बघते तर लेक. मला वाटलं, डबा घेऊन आली. मी म्हटलंसुद्धा, "अगं, रांग मोडून कशाला आलीस, बाहेर थांब." तिनं रांग मोडली नव्हती. ती रांगेतूनच आली होती. तिनं फाईल माझ्यापुढे ठेवली. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी तिला समुपदेशनासाठी आमच्या दवाखान्यात पाठवलं होतं. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यांना काय ठाऊक, ही कुणाची कोण.

मी रिपोर्ट वाचला. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नव्हती.

मग मी जे केलं ते माझ्या हातांनी केलं, मी नाही. रबरबँड काढला, हृदय उघडलं, बोट ठेवलं. हा डावा कप्पा. इथून रक्त सगळ्या अंगाला जातं. पोटात आहे तोवर बाळ वाढतं, जन्मल्यावर अवघड होतं. मोठ्या शहरात ऑपरेशनं होतात, एक नाही, एकामागून एक. काही बाळं त्यातून तरतात, बरीच तरत नाहीत. माझा आवाज खाली होता, हात टेबलावर होते. लेक माझ्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"निर्णय तुमच्या दोघांचा आहे," मी म्हणाले. "तुम्ही जो घ्याल त्यात..."

तिनं फाईल उचलली आणि ती निघून गेली. बाहेरून मावशींनी पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. जावयाचा व्हिडिओ कॉल आला, नेटवर्क तुटत होतं, मधेच चेहरा थिजायचा. "मम्मी, आपल्याला त्यातलं काय कळतंय? तुमी म्हणाल ते." विहीणबाई फोनवर रडत होत्या, "आवं ताई, तुमी रोज हेच करताय न्हवं? तुमीच सांगा आता." आमचे हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि आत येऊन विचारायचे, "मग?" आणि लेक माझ्याशी बोलतच नव्हती. जेवायला वाढलं तर ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. मुदत संपत चालली होती. बाळ हलायला लागलं होतं, तिचा हात सारखा पोटावर जायचा आणि मी दिसले की ती तो काढून घ्यायची. घरात जीव नकोसा झाला होता. दुसऱ्यांच्या लेकींना मी तासन् तास समजावलं होतं, आणि स्वतःच्या लेकीच्या दारावरून मी नुसती ये-जा करत होते.

प्रशिक्षणाच्या फोल्डरवर समुपदेशकांसाठी मदतीचा नंबर छापला होता. तो लावला. तो अस्तित्वात नव्हता. मग लाज सोडून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'मला कुणाशी तरी बोलायचं आहे, फार अडचणीत आहे.' दोन जणींनी हात जोडले, एकीनं गुलाब पाठवला. थोड्या वेळानं साताऱ्याच्या मैत्रिणीचा फोन आला. "काय झालं गं? कुणाचं काय?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला घिऊन ये. तू न्हाई करायचं हे. मी करती."

सांगलीहून साताऱ्याच्या एसटीत लेक खिडकीशी बसली होती. कराड मागे पडलं, तेव्हा तिनं फोन काढला आणि वडूजच्या त्या फुलवाल्या बाईंना लावला. "ताई, ते फुलांचे दागिने नकोत." तिकडून त्यांनी विचारलं, तारीख बदलली का, मला शेजारी ऐकू आलं. "नाही," लेक म्हणाली, "नकोच." फोन पर्समध्ये ठेवून ती पुन्हा बाहेर बघायला लागली. तिचं ठरलंय, एवढं मला समजलं होतं.

मैत्रिणीच्या खोलीत मी पहिल्यांदाच पलीकडच्या खुर्चीवर बसले. पलीकडची खुर्ची बुटकी असते हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मैत्रिणीनं खणातून तिचं प्लास्टिकचं हृदय काढलं. लेक म्हणाली, "ते नको, मावशी. आईनं दाखवलंय." मैत्रिणीनं ते परत खणात ठेवलं. मग ती बोलली. मला पाठ असलेलं सगळं ती सांगत होती आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. रक्त कुठून कुठे जातं हेसुद्धा मी विसरले. ती थांबली तेव्हा माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "तू आमच्या जागी असतीस तर काय केलं असतंस गं?"

तिनं चष्मा काढला. "मला न्हाई माहीत," ती म्हणाली. "खरंच न्हाई माहीत गं."

असं उत्तर द्यायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते ऐकून मला रडू फुटलं, नळबिळ काही न सोडता. लेकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आई, आता तू सांग. दवाखान्यातल्यासारखं नको सांगूस."

मी सांगितलं. "थांबव, बाळा. माझ्यानं तुला ऑपरेशनच्या दाराबाहेर पुन्हा पुन्हा उभी राहिलेली बघवणार नाही. थांबव."

तिनं मान हलवली. जावई रजेवर आला तो डोहाळजेवणाला नाही, दवाखान्यातच आला.

मी कामावर परत गेले. हृदयाला नवीन रबरबँड लावला. जोडपी येतात, तो प्रश्न विचारतात. मी अजूनही ते वाक्य म्हणते, कारण इतक्या जणांचं 'मॅडमनी सांगितलं' माझ्या एकटीच्यानं वाहवणार नाही, मी मोडून पडेन. कधी कधी 'मला माहीत नाही' असंही म्हणते. साताऱ्याची मैत्रीण आणि मी आता दर शनिवारी फोनवर बोलतो. आमचं प्रशिक्षण म्हणा, आधार म्हणा, तेवढाच.

लेकीचाही वडूजहून फोन येतो. आधी पाण्याचा टँकर आला का, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, असलं बोलणं होतं. मग ती म्हणते, "तू थांबव म्हणालीस म्हणून. नाहीतर मी ठेवलं असतं." मला कराडच्या पुढची ती एसटी आठवते, तिचा फोन आठवतो.

"हो," मी म्हणते. "मी म्हणाले म्हणून."