काचेवर चिकटवलेले दादासाहेब

बाबुरावांनी मूठभर बिल्ले टेबलावर आपटले, तेव्हा मी लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होते. एक बिल्ला घरंगळत येऊन माझ्या दौतीला टेकला. त्यावर अर्धे दादासाहेब होते. उरलेले अर्धे तात्यासाहेब.

दादासाहेब आणि तात्यासाहेब एकमेकांविरुद्ध निवडणुकीला उभे होते. बाबुराव हे दादासाहेबांच्या प्रचाराचे मुख्य माणूस. बिल्ले आमच्या छापखान्याचे. आणि एकावर दुसरा चिकटवायची अक्कल माझी.

हे एवढ्या वर्षांनी लिहिते आहे, कारण मागच्या महिन्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी मला राग आणला. तो अजून उतरलेला नाही. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी बिल्ला म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

छातीला लावायचा गोल बिल्ला पाच वस्तूंचा असतो. टिनची टोपी, म्हणजे पुढचा फुगीर भाग. तिच्यावर छापील गोल कागद. कागदावर सेलोलाइडचा पारदर्शक पापुद्रा. आम्ही त्याला काचच म्हणायचो. मागून एक कडं, ते या तिघांच्या कडा आत दुमडून धरतं. आणि कड्यात टाचण. हे सगळं हाताच्या दांड्याच्या मशीनखाली ठेवून एकदा दाबलं की बिल्ला तयार. ही कृती अमेरिकेतली, तिथेही ती निवडणुकांवरच पोसली गेली, असं आमचे शेठजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. जणू स्वतः जाऊन बघून आले होते.

छापखाना खामगावचा. आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशात, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. आम्ही जागचे हललो नव्हतो, पत्त्यातलं राज्य तेवढं बदलत होतं. या सगळ्या काळात ते मशीन चालू होतं. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांचे बिल्ले त्याच्यावरच झाले आणि संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचेही त्याच्यावरच. दोन्ही बिल्ले एकच बाई दाबायची. गिरजाबाई.

गिरजाबाई पन्नाशीच्या. अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं. मशीन जुनं होतं, त्याचा खालचा साचा एका बाजूला किंचित झुकायचा. त्यांनी त्याच्याखाली बसवायला बाभळीची एक पाचर तासून घेतली होती. रोज सकाळी ती बसवायच्या आणि संध्याकाळी काढून डब्याच्या पिशवीत टाकायच्या. मला ती अंधश्रद्धा वाटायची.

कारण मी मॅट्रिक होते. सेकंड क्लास. वय एकोणीस, साडी कडक स्टार्चची, ब्लाउजला फाउंटन पेन खोचलेलं. पेनात बहुतेक वेळा शाई नसायची. प्रूफं वाचायला ठेवलेली मी, पण छापखान्यातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचे. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी पाणी भरायला लावीन.

तर, जिल्हा परिषदा नव्यानेच आल्या होत्या. पहिलीच निवडणूक, भर उन्हाळा. आधी तात्यासाहेबांची ऑर्डर आली. पोतंभर बिल्ले तयार झाले आणि त्यांनी ते परत पाठवले. फोटो काळा आला म्हणाले. "मी काय कोळसा हाओ?" असा निरोप होता. फोटो जसा होता तसाच आला होता, पण ते कोण सांगणार! पोतं कोपऱ्यात पडलं.

मग दादासाहेबांची ऑर्डर आली. सोनाळ्याला त्यांची मोठी सभा, चार दिवसांवर. शेठजींनी हो म्हणून टाकलं. कागद छापून झाले आणि मग समजलं की मुंबईहून यायच्या टिनच्या टोप्या आल्याच नाहीत.

"आता काय करावं?" शेठजी म्हणाले.

मी लगेच उठले. "शेठजी, तात्यासाहेबांचं पोतं आहे ना! त्याच बिल्ल्यांवर दादासाहेबांचा कागद खळीनं चिकटवू. वरून वॉर्निशचा हात. कुणाला कळणार?"

शेठजींचा चेहरा उजळला. मशीनपाशी बसलेल्या गिरजाबाईंनी मान वर केली.

"काचेले खळ धरत नाई वं, मॅट्रिकबाई."

"का नाही धरणार? मैद्याची घट्ट खळ करू."

"आज धरीन. ऊन लागलं का सोडीन. काच गुळगुळीत राह्यते, खळ सुकली का तिले पकडाले काई नाई. कडं उचकटून जुनी काच काढा, जुना कागद काढा, मंग नवा बसवा. काई टोप्या वाकतीन. अर्धेच बिल्ले होतीन, पन पक्के होतीन."

"अर्धे देऊन कसं चालेल?" मी म्हणाले. आणि वर हसून म्हणाले, "गिरजाबाई, हे केमिस्ट्रीचं काम आहे." मला केमिस्ट्रीत काठावर मार्क होते.

शेठजींनी दोघींचं ऐकलं. नीट ऐकलं, हे मुद्दाम लिहिते. मग म्हणाले, "गिरजाबाई म्हन्ते तसं नोको. सुमनबाई म्हन्ते तसंच करू."

तीन दिवस आम्ही चिकटवत होतो. गिरजाबाईंनी त्या खळीला बोटसुद्धा लावलं नाही. त्या पाठ करून शाळेच्या मॉनिटरच्या बिल्ल्यांचे कागद गोल कापत बसल्या. ओल्या गोणपाटाच्या सावलीत वाळवलेले आमचे दादासाहेब इतके छान दिसत होते, की मी एक स्वतःच्या पदराला लावून छापखानाभर फिरले.

सोनाळ्यात काय झालं ते बाबुरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. बाजारात सभा. दुपारचं ऊन, झळा. दादासाहेबांचे सगळे स्वयंसेवक स्टेजपुढे रांगेत उभे, प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. दादासाहेब बोलायला लागले आणि कागद कडांनी उचलायला लागले. एक सुटून पडला. मग दुसरा. वॉर्निशमुळे कागद पापडासारखे वळून गळत होते आणि प्रत्येकाखालून काचेतले तात्यासाहेब चकचकीत बाहेर येत होते. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दादासाहेब, तुमची मानसं त तात्यासाहेबाची निंगाली!" सगळा बाजार हसला.

"दादासाहेबाले वाटलं आमीच फितूर झालो," बाबुराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकत होता. "पंधरा वर्सं मी त्या मानसाच्या मांगं हाओ. लोकाईसमोर मले म्हने, स्टेजवरून उतर. मले नाव सांगा शेठजी. हे कोनं केलं? नाव घेऊन जातो, नाई त मी त्या घरात पाय ठेवू शकत नाई."

शेठजींनी इकडे तिकडे पाहिलं. मग मशीनकडे बोट केलं.

"त्या बाईनं. अडानी बाई हाय. बिल्ल्याचं काम तिच्याचकडे. मले न इचारता केलं."

मी लिहिलं आहे ना, की त्यांनी दोघींचं नीट ऐकलं होतं?

गिरजाबाई शेठजींकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. एखादा बिल्ला दाबल्यावर कडं बसलं की नाही ते बघतात, तसं. आणि मी काय केलं? मी प्रूफ वाचलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ मी सात वेळा वाचली. तिच्यात एकही चूक नव्हती.

"उद्यापासून येऊ नोको," शेठजी त्यांना म्हणाले.

गिरजाबाईंनी साच्याखालची पाचर काढली, पिशवीत टाकली आणि गेल्या.

दुसऱ्याच दिवशी मुंबईचं पार्सल आलं. टोप्या! बाबुरावांना दोन दिवसांत नवे बिल्ले हवे होते. शेठजींनी मला मशीनवर बसवलं. दांडा दाबला. बिल्ला बाहेर आला आणि माझ्या हातात त्याचे पाच भाग झाले. टोपी एकीकडे, काच दुसरीकडे, टाचण माझ्या अंगठ्यात. दुपारपर्यंत माझ्या पायाशी दादासाहेबांचा चुरा पडला होता. पाचर नव्हती. अंधश्रद्धा म्हणे!

"जा, घेऊन ये तिले," शेठजी म्हणाले. जणू किल्ली विसरली होती.

गिरजाबाई घरी अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"गिरजाबाई, शेठजींनी बोलावलंय."

"काऊन? काचेले खळ धरत नाई का?"

मी रडायला लागले. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"रडू नोको वं, डाळीत पानी पडते. आईक. तीस वर्सात माह्या हातचं एक कडं सुटलं नाई. आता खामगावात मले कोन मशीनवर बसवीन? थो बाबुराव माहं नाव घेऊन गेला. त्याच्याच तोंडासमोर थे नाव पुसलं पायजे. शेठ पुसत असन त शेठ. नाई त तू."

शेठजी पुसणार नाहीत, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

संध्याकाळी बाबुराव आले. मी उभी राहिले. पेन खोचलेलंच होतं. म्हणाले, "बाबुराव, ती कल्पना माझी होती. गिरजाबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. शेठजींनी ते ऐकलं होतं."

शेठजी खुर्चीतून उठले. "सुमनबाई, तुमी घरी जा!"

पण बाबुरावांना माझ्या कबुलीशी काही घेणं नव्हतं. ते दमलेले दिसले. "आता काय करू त्याचं, ताई? दादासाहेबाले कालच सांगून झालं, छापखान्यातल्या अडानी बाईनं केलं म्हून. त्याईनं सगळ्याईले सांगतलं. थे हसले, माह्यावरचा राग गेला. आता पुन्ना जाऊन दुसरं नाव सांगू? मंग थे म्हनतीन, बाबुराव रोज नवं सांगते."

एवढंच. एका दिवसात ते नाव सोनाळा, जळगाव जामोद, सगळीकडे फिरून आलं होतं. मी काल तोंड उघडलं असतं, तर माझं फिरलं असतं. काल!

माझ्याबरोबर आलेल्या गिरजाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, परत जातील. त्या आत आल्या, पाचर बसवली आणि बाबुरावांना म्हणाल्या, "इथं उभे राहा. एक-एक बिल्ला पाहून घ्या. मंग सांगा, अडानी कोन हाय थे." बाबुराव उभे राहिले. पहिला बिल्ला घेऊन त्यांनी नखानं कडं उचकटून पाहिलं. दुसराही. तिसरा पाहिलाच नाही.

मला कामावरून काढलं नाही. शेठजींना प्रूफं वाचता येत नव्हती. दादासाहेब पडले. बिल्ल्यांमुळे की आणखी कशामुळे, देव जाणे. पुढे मी स्वतःचा छापखाना काढला, तीस-पस्तीस वर्षं चालवला आणि गिरजाबाई हातपाय चालेपर्यंत माझ्याकडे मशीनवर बसल्या. पगारी, खुर्चीवर, पंख्याखाली. माझ्या कुठल्याही कल्पनेवर त्या आधी एकच विचारायच्या, "ऊन लागलं त?"

आता पुण्याचे गृहस्थ. निवृत्त इंजिनिअर, निवडणुकीचे जुने बिल्ले जमवतात. माझा छापखाना होता असं कुणीतरी सांगितलं, म्हणून अल्बम घेऊन आले. फार सभ्य. मखमलीवर टाचलेले बिल्ले, प्रत्येकाखाली टाइप केलेली चिठ्ठी. पान उलटलं आणि अर्धे दादासाहेब, अर्धे तात्यासाहेब! बाबुरावांच्या नातवाकडून मिळालेला. खाली चिठ्ठी: 'दुर्मिळ दुहेरी बिल्ला, वऱ्हाड. अशिक्षित महिला कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेली चूक.'

माझ्या कानात शीळ वाजली.

"ही चिठ्ठी बदला," मी म्हणाले.

"आजी, घराण्यात चालत आलेली माहिती आहे. एवढं सगळे सांगतात म्हणजे..."

"सगळे सांगतात, कारण मी एक दिवस गप्प बसले! ती बाई अशिक्षित होती, निष्काळजी नव्हती. निष्काळजी मॅट्रिक होती. ती तुमच्यासमोर बसली आहे. चहा पिताय तिच्या घरचा."

त्यांनी कप खाली ठेवला. बिचाऱ्यांचा काय दोष! पण माझा राग ऐकत नव्हता. म्हटलं, "बिल्ला उलटा करा. नखानं कडं काढून दाखवा."

त्यांनी प्रयत्न केला. इंजिनिअर माणूस, दोन्ही अंगठे लावून. कडं हललं नाही. मग बिल्ला सुलटा करून मी करंगळीचं नख दादासाहेबांच्या मिशीखाली घातलं. कागदाची कपची अलगद सुटली.

"आजी, अहो!" ते ओरडले. "दुर्मिळ आहे तो!"

"राहू द्या," मी म्हणाले आणि कपची त्यांच्या हातावर ठेवली. मग त्यांचंच पेन घेऊन त्यांची चिठ्ठी खोडली आणि खाली लिहिलं: 'वरचा कागद: सुमन, मॅट्रिक, सेकंड क्लास. खालचा सगळा बिल्ला: गिरजाबाई.'

शाई वाळेपर्यंत त्यांना अल्बम मिटू दिला नाही.

धंद्यातली गोष्ट म्हणून सांगते, कुणाला उपयोगी पडली तर पडली. काचेला खळ धरत नाही.