फिटची गोळी आणि खापरावरचे मांडे

"ताई, तुम्ही आळशी नाही. याला डिप्रेशन म्हणतात," जळगावचे डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच फुटलं. डिप्रेशन म्हणजे मन खचण्याचा आजार. वर्षभर भाऊबंदात माझ्या आळसाचीच चर्चा होती. त्याला दुसरं नाव आहे हे ऐकूनच अर्धा जीव हलका झाला.

सुरुवात साधीच होती. पहाटे जाग यायची, पण उठावंसं वाटायचं नाही. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही, आणि त्याचं काही वाटायचंही नाही. धुळ्यात रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. शेवटी यांनी मला एसटीत बसवून जळगावला नेलं.

पहिल्या गोळ्यांनी मी उठून कामाला लागले. पण आजार पुन्हा उलटला, आणि बरा होऊन आणखी एकदा उलटला. तेव्हा डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, कार्बामाझेपिन.

"ही मुळात फिटची गोळी," त्यांनी समजावलं. "पण ती घेणाऱ्या काही पेशंटचं मनही सावरतं, असं दिसून आलं. म्हणून मन पुन्हा खचू नये यासाठीही आम्ही ती काहींना देतो. तुम्हाला लागू पडेलच असं नाही. रक्त तपासत राहू. अंगावर पुरळ उठलं तर लगेच या. आणि घरातलं काम सोडू नका, तेही औषधच आहे."

गोळीची पट्टी मी भिंतीतल्या देवळीत ठेवली. शेजारच्या यमुनाअक्कांच्या सुनेला फिट यायच्या, तिचीही हीच गोळी. अक्कांनी ती ओळखली आणि संध्याकाळपर्यंत मलाही फिट येतात असं गल्लीभर झालं.

मग काय विचारता! सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला चुलीपासून उठवलं आणि आमच्या अहिराणीत बजावलं,

"चुल्हाजोडे नको जाऊ व माय. ह्या फिटन्या गोया शेतस."

विहिरीवर जायचं नाही, जिना चढायचा नाही. सुरुवातीला गोळीने गुंगी यायची. दुपारी जरा डोळा लागला की फिट आली समजून नाकाला कांदा! एकदा तर चप्पलही आली. हसू यायचं आणि संतापही. डॉक्टर म्हणतात काम करा, आणि घर मला देवासारखं बसवून ठेवतं. जाऊबाई तर हळूच म्हणाल्या, गोळीच सोडून दे, म्हणजे बोभाटा थांबेल.

मी ठरवलं, गोळीही सोडणार नाही आणि चूलही नाही.

हळूहळू गुंगी गेली. पहाटे उठावंसं वाटू लागलं. भाजी अळणी झाली तर मलाच चीड येऊ लागली. गोळी लागू पडली होती, पण घरात ते पटणार कोणाला?

तेवढ्यात पुतणीचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नात पुरणाचे मांडे हवेतच. भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि पेटत्या चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. आजारी पडेपर्यंत आमच्या भाऊबंदात पहिला मांडा माझ्याच हातचा असायचा. त्या दिवशी मला चुलीपासून लांब, खाटेवर बसवलं होतं.

मी उठले. पाण्याचा तांब्या घेतला आणि सगळ्या बायकांसमोर गोळी घेतली.

"ही गोयी फिटनीच शे," मी म्हणाले. "पन माले फिट येत नही. मना जीव खचस, तेनासाठे लेस मी. आते सरका."

बायका सरकल्या. मी कणकेचा गोळा घेतला, पुरण भरलं, हातावर फिरवलं. आणि पहिलाच मांडा मधोमध फाटला.

सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. कोणीतरी कांदा शोधायलाही उठलं असेल.

तुमच्या घरात कोणी अशी भलत्याच आजाराची वाटणारी गोळी घेत असेल, तर शेजाऱ्यांना नाही, डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. आणि त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. डॉक्टरांचे उपकार तर आहेतच, पण त्या दिवशी मला खरं बरं केलं ते आत्याबाईंनी. त्यांनी फाटलेला मांडा पाहिला, परातीतल्या कणकेत बोट दाबलं आणि जाऊबाईंवर खेकसल्या, "कणीक सैल करी टाकी तुम्ही!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरा ले व माय."